आईच्या इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?
सुक्या कचऱ्यात तर नकोच. तो पुढे कोणीतरी हातानेच निवडतं, आणि पेनची ४ मिमीची सुई पिशवीत दिसतही नाही. डिटर्जंटचा जाड प्लास्टिकचा रिकामा डबा घ्या, वर ठळक 'सुया' लिहा. पेनची सुई बाहेरचं मोठं टोपण लावून काढा. सिरिंज असेल तर टोपण परत बसवायच्या भानगडीत पडू नका (बोटाला टोचतं ते तेव्हाच), तशीच डब्यात टाका. पाऊण भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून ओळखीच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये घेतात का विचारा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे त्यांच्याकडे सुयांसाठी पांढरा, टणक डबा असायलाच हवा.

दुसऱ्याची सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.