लंडनमधला पहिला मोकळा शनिवार-रविवार : दापोलीहून आलेल्या मुलीला

तू लिहिलं आहेस की लंडनला येऊन बारा दिवस झाले, वेम्बलीत खोली मिळाली आहे, ऑफिस आणि खोली यापलीकडे काही पाहिलेलं नाही आणि ऑक्टोबरचा हा शनिवार-रविवार पहिल्यांदाच पूर्ण मोकळा आहे. सोबत अकरा ठिकाणांची यादी दिली आहेस आणि विचारलं आहेस की एकटीने, कमी पैशांत, दोन दिवसांत हे सगळं कोणत्या क्रमाने बसेल. मी 2006 साली मिरजेहून नर्स म्हणून इथे आले. तू माझ्या भाचीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते.

ती यादी या वेळी बाजूला ठेव. माझा पहिला शनिवार मी अशाच यादीमागे घालवला होता. एका स्टेशनात खाली उतरायचं, दुसऱ्या स्टेशनात वर यायचं, फोटो काढायचा, पुन्हा खाली. रात्री आईने फोनवर विचारलं, "गाव कसं आहे गं?" तर मला काही सांगता येईना. दिवसभर मी जमिनीखालीच होते. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्टेशनांमधलं अंतर जेमतेम 260 मीटर आहे, पण ट्यूबच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, नकाशावर ते कळतच नाही. तिथे पायी चाललं की ही दोन ठिकाणं एकाच मोहल्ल्यातली आहेत हे समजतं. म्हणून माझं सांगणं एवढंच : शनिवारी नदीकाठाने चाल, रविवारी कालव्याकाठाने.

आधी पैशांचं. प्रवासभाड्याचं ऑयस्टर कार्ड घेतलंच पाहिजे असं नाही, बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड चालतं. दिवसभरात कितीही फिरलीस तरी ठरावीक रकमेवर कापणं थांबतं. पण आत शिरताना फोन आणि बाहेर पडताना कार्ड असं करू नकोस. खातं एकच असलं तरी यंत्र ते दोन वेगळे प्रवासी समजतं आणि दोन्हीकडून जास्तीचे पैसे जातात. भारतातलं कार्ड वापरत असशील तर प्रत्येक व्यवहारावर परकीय चलनाचा आकार लागतो का ते बँकेला विचार. बसमध्ये रोख चालत नाही. चढताना एकदाच टॅप करायचं, उतरताना नाही, आणि तिथून तासाभरात दुसरी बस पकडलीस तर तिचं भाडं लागत नाही. शनिवार-रविवारी रुळांच्या कामासाठी मार्ग बंद असतात, तेव्हा सकाळी निघण्याआधी बघून घे.

शनिवारी वेम्बली सेंट्रलहून बेकरलू लाइनने थेट एम्बँकमेंटला उतर. रेल्वेपुलाला लागून पादचारी पूल आहे, त्यावरून नदी ओलांड आणि पलीकडे डावीकडे वळ. आता नदी डाव्या हाताला ठेवून टॉवर ब्रिजपर्यंत चालत राहायचं. साडेतीन-चार किलोमीटर होतील, रस्ता विचारावा लागणार नाही. वॉटर्लू ब्रिजच्या खाली जुन्या पुस्तकांची टेबलं मांडलेली असतात. पुढे टेट मॉडर्न लागेल : जुनं वीजकेंद्र, 2000 साली कलादालन झालं. कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, शौचालय स्वच्छ आणि फुकट, आणि पाय दुखायला लागतात त्याच सुमाराला ते येतं. बरो मार्केटला शनिवारी फार गर्दी असते आणि खाणं महाग, तिथून नुसतं बघत पुढे जा.

तुझ्यासाठी एक खास सांगते. तू दापोलीची, म्हणजे खाडी पाहत वाढलीस. थेम्स लंडनमधून वाहताना खाडीसारखीच वागते. दिवसातून दोनदा भरती-ओहोटी, आणि मोठ्या भरतीला पाण्याच्या पातळीत सात मीटरपर्यंत फरक पडतो. निघताना पाणी धक्क्याला टेकलेलं असेल तर काही तासांनी खाली चिखल आणि गोटे उघडे पडलेले दिसतील. मी घाटावरची, कृष्णा पाहिलेली. नदी उलटी वाहताना बघून पहिल्यांदा मी गोंधळून गेले होते. तुला मात्र ती ओळखीची वाटेल असं मला मनापासून वाटतं.

टॉवर ऑफ लंडन बाहेरूनच बघ. तिकीट महाग आहे आणि आत अख्खा दिवस हवा, कोहिनूर कुठे जात नाही. टॉवर ब्रिज चालत ओलांडून टॉवर हिल स्टेशनवरून घरी.

आता रविवार. हा रस्ता माझा स्वतःचा आहे, गेली कित्येक वर्षं मी तो दर पावसाळी-उन्हाळी चालते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पुन्हा बेकरलू लाइन, पण या वेळी वॉरिक अव्हेन्यूला उतर. रस्त्याने कालव्याकडे जा. लांबट रंगीत होड्या बांधलेल्या दिसतील, त्यांत लोक राहतात. या भागाला लिटल व्हेनिस म्हणतात. पूल ओलांडला की जवळच हॉली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. तिथे 10 नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे : लोकमान्य टिळक इथे 1918-19 मध्ये राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर बदनामीचा दावा लावायला ते आले होते. 1919 मध्ये दावा हरले आणि खर्चाचं मोठं ओझं घेऊन परतले. घर खाजगी आहे, समोरच्या फुटपाथवरून बघायचं, बेल वाजवायची नाही.

तिथून मेडा अव्हेन्यूने कालवा डाव्या हाताला ठेवून एजवेअर रोडपर्यंत ये. इथे कालवा बोगद्यात शिरतो आणि काठची वाट संपते. नवे लोक इथेच चुकतात. रस्ता ओलांडून समोरच्या अॅबरडीन प्लेसने सरळ जा, शेवटी पुन्हा कालव्याकडे उतरता येतं. त्यानंतर पाणी सोडायचं नाही. या वाटेला टोपाथ म्हणतात. पूर्वी घोडे इथून चालत आणि दोराने होड्या ओढत. रीजंट्स पार्कच्या बाजूला मॅकल्सफील्ड ब्रिज येईल, त्याच्या लोखंडी खांबांवर हात फिरवून बघ. आपल्याकडे विहिरीच्या काठावर दोराने पडतात तशा खाचा आहेत. आणि त्या दोन्ही बाजूंना आहेत. 1874 साली या पुलाखाली बंदुकीची दारू घेऊन चाललेली होडी स्फोटात उडाली, पूल कोसळला. नवा बांधताना तेच खांब फिरवून उभे केले, मग दोर दुसऱ्या बाजूला घासू लागला.

सायकलवाले मागून येतात, कडेने चाल. ऑक्टोबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा ही वाट दुपारी तीनच्या आत संपव. आणि एकंदरच शहरात फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभी राहू नकोस. दुचाकीवरून येऊन हिसकावून नेतात. नकाशा बघायचा असला की भिंतीकडे सरक.

प्राणिसंग्रहालय मागे पडलं की वर रस्त्यावर ये. समोरची हिरवी टेकडी म्हणजे प्रिमरोझ हिल. साठ-पासष्ट मीटरच उंच, पण वरून सगळं लंडन दिसतं. तुझ्या यादीतल्या त्या मोठ्या पाळण्याचं, लंडन आयचं, तिकीट वाचलं. डबा इथे बसून खा. काल ज्या नदीकाठाने चाललीस त्या बाजूच्या उंच इमारती शोधून काढ, शहर डोक्यात जुळायला लागतं.

टेकडीच्या उत्तरेला उतरलं की किंग हेन्रीज रोड. तिथे 10 नंबरचं घर. 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. पहिल्या वेळी शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. 1920 च्या जानेवारीत त्यांनी 'मूकनायक' सुरू केलं आणि त्याच वर्षी ते पुन्हा आले, ते शिक्षण पुरं करण्यासाठीच. 1923 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. मिळवली, विषय होता रुपयाचा प्रश्न. हे घर 2015 साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे आणि आत जाता येतं. वेळ आदल्या दिवशी तपासून जा. आत थोडा वेळ बस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या परीक्षा चालू होत्या, दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा बसणार होते. त्या खोल्यांत उभं राहून मला जे वाटलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही.

या दोन घरांमधलं अंतर चालत तीन-चार किलोमीटर. दोघांचे मार्ग किती वेगळे होते हे तुला माहीत आहेच. पण टिळकांचं मूळ गाव चिखलगाव तुझ्या दापोली तालुक्यातलं, आणि बाबासाहेबांचं आंबडवे शेजारच्या मंडणगडातलं. तुझा प्रश्न वाचताना दापोली हे नाव दिसलं आणि मी यादी सोडून हेच लिहायला बसले.

परत जाताना चॉक फार्म स्टेशनवरून नॉर्दर्न लाइनने युस्टनला उतर. मागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरी, डोसा मिळतो, शाकाहारी जेवण पोटभर आणि मध्य लंडनच्या मानाने स्वस्त. पाऊस असला तर शनिवारची नदी सोडून ब्रिटिश म्युझियमला जा, प्रवेश फुकट आहे. मात्र सगळं बघायला जाऊ नकोस, अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं बघ आणि निघ. रविवारचा कालवा मात्र छत्री घेऊन का होईना, चालच.

दिवाळीला एकटी बसू नकोस. महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, डॉलिस हिल लेनवर त्यांची वास्तू आहे, वेम्बलीहून लांब नाही.

हायगेटचं इंडिया हाउस, जिथे सावरकर राहत होते, ते मी मुद्दाम वगळलं, कारण तिकडची चढण वेगळा दिवस मागते. पुढचे दोन रविवार माझी ड्युटी आहे, तिसऱ्या रविवारी मोकळी आहे. यायचं असेल तर कळव, मी हायगेट स्टेशनच्या दाराशी दहाला उभी राहीन.