परत आलेली प्लेट बघ

प्रिय पोरी,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यंदाच्या यादीत तुमचं नाव नाही, तुमचे हेड शेफ कुणाशी धड बोलत नाहीत, आणि यादीत आलेल्या ठिकाणची मैत्रीण तुला बोलावतेय, तेही एक पायरी खालच्या पदावर. हे सगळं ठीक आहे, असं होतच असतं. पण तुझा शेवटचा प्रश्न मला लागला. ‘शेफ, म्हणजे आपण वाईट जेवण करतोय का?’

हे यादीला काय विचारतेस? सर्व्हिस संपत आली की मोरीवर जाऊन उभी राहा आणि परत आलेली प्लेट बघ.

यादी बनते कशी, हे एकदा नीट समजून घे. ‘एशियाज फिफ्टी बेस्ट’ ही ती यादी, 2013 पासून निघते. शेफ, रेस्टॉरंटवाले, पत्रकार, खाण्यासाठी देशोदेशी फिरणारे, असे तीनशेहून जास्त जण मतं देतात. चांगलं कशाला म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, निकषांचा तक्ता नाही. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण महालक्ष्मीचं ‘मास्क’ रेस्टॉरंट घे. 2023 मध्ये 16वं, 2024 मध्ये 23वं, 2025 मध्ये 19वं, आणि भारतात तिन्ही वर्षं पहिलं. मधल्या वर्षी तिथल्या पोरांचा हात बिघडला होता का? त्यांच्याकडून शिकायचंच तर हे शीक, की 2016 मध्ये, मुंबईला सवय नसताना, त्यांनी नुसत्या टेस्टिंग मेन्यूवर, म्हणजे शेफनेच ठरवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांच्या रांगेवर, रेस्टॉरंट उघडलं. तेव्हा त्यांच्यासाठी कुठल्या यादीत जागा राखलेली नव्हती.

मिशलँ या फ्रेंच रेस्टॉरंट-गाइडचंही तेच. त्यांचे तारे 1926 पासून आहेत, तपासनीस नाव न सांगता येतात आणि बिल स्वतः भरतात. ही पद्धत मला पटते. पण मुंबईसाठी त्यांनी गाइड आजवर काढलेलंच नाही, आणि आमच्याकडे येणारी पोरं पहिल्या दिवसापासून ताऱ्यांच्या गोष्टी करतात. फ्रान्समध्ये शेफ सेबास्तियन ब्रा यांनी सगळ्यात वरचे तीन तारे असताना 2017 मध्ये सांगितलं, मला या गाइडमधून काढा, मला मोकळेपणाने शिजवायचंय. 2018 च्या गाइडमधून नाव गेलं. 2019 मध्ये ते न मागता परत आलं, दोन तारे लावून. दुसऱ्याने लावलेलं लेबल तुझ्या हातात कधीच नसतं, पोरी. परत आलेली प्लेट असते.

तू माझ्याकडे कॉमी, म्हणजे किचनमधली सगळ्यात ज्युनियर शेफ, होतीस तेव्हाची बांगड्याची डिश आठव. तिरफळ घातलेला नारळाच्या दुधाचा रस्सा, वर भाजलेला तुकडा. चाखणारा प्रत्येक जण वाहवा करत होता. आणि मोरीवर प्लेट घासणारे मामा सांगत होते की मासा संपतो, रस्सा राहतो. तू म्हणालीस, लोकांना तिरफळ झेपत नसेल. मी तुला तिथे नेऊन उभं केलं. प्लेटच्या कडेला पांढरी साय धरली होती, बोट फिरवलं तर मेणासारखी लागत होती. नारळाची चरबी 24 अंशांच्या खाली थिजायला लागते. बाहेर एसी जोरात आणि आपल्या प्लेट्स थंड. हॉट केसमधून प्लेट काढायला सुरुवात केली आणि रस्सा परत येणं थांबलं. मसाल्याला हातसुद्धा लावला नाही. हे कुठल्या परीक्षकाने सांगितलं असतं का तुला?

ज्या गिरणगावात आज ही झगमगीत रेस्टॉरंट्स आहेत, तिथे कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये त्यांचीच अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली. ताटात भाजी का राहिली, हे त्या बायांना त्याच दिवशी कळायचं, कारण महिन्याच्या खात्यावर जेवणारा माणूस समोरच बसलेला असायचा. आपल्याला तो दिसत नाही. म्हणून मोरीवर जायचं.

तू विचारशील, शेफ, तुम्हाला तरी कुठे काय मिळालं? नाही मिळालं. एका वार्षिक पुरस्काराच्या मंडळींनी समारंभाचं टेबल विकत घ्या म्हणून फोन केला होता, आणि नामांकनाचा विषय त्याच बोलण्यात काढला होता. मी मालकांना भरू दिलं नाही. ते पैसे भरले असते तर माझ्या हाताखालच्या पोरांना परदेशात नोकऱ्या सोप्या गेल्या असत्या, हे मला आजही ऐकवलं जातं. खरं असेल. त्यांच्यातल्या दोघांची हुरहुर मला आहेच. पण त्याच आठवड्यात मी त्यांना सांगत होतो की गिऱ्हाइकाने काय टाकलं ते बघा. त्याच तोंडाने विकत आणलेली ट्रॉफी काउंटरवर ठेवायची? उद्या परत फोन आला तरी मी नाहीच म्हणणार. माझ्या किचनमधून बाहेर पडलेला पोरगा कुठेही उभा राहिला तरी आधी मोरीकडे बघतो, आणि मला ते कमी वाटत नाही.

आता तुझ्या जाण्याचं. नावासाठी जाणार असशील तर जाऊ नकोस, आणि रुसून तर अजिबात नको. शिकायला जाणार असशील, आंबवण्याचं काम, मांस कापायचं काम, जे तुमच्याकडे होत नाही ते, तर पायरी खाली उतरलीस तरी हरकत नाही. ट्रायलला बोलावतील तेव्हा प्लेटिंग बघत बसू नकोस. हेड शेफ सर्व्हिसमध्ये एकदा तरी मोरीवर येतो का, आणि तिथल्या माणसाला नावाने हाक मारतो का, ते बघ. येत नसेल तर दुसऱ्या दिवशी जाऊच नकोस. येत असेल तर पगार आणि सुट्टी लेखी घे, आणि सध्याच्या हेड शेफना समोर बसून सांग, मेसेजवर नको. वाईट दिवसांत त्यांचं किचन सोडून जातेयस, तेवढं तू त्यांचं देणं लागतेस.

तुझा शेफ