वही काढून घेऊ नका

प्रश्न : पुतणीचे जळगावात मानसिक उपचार सुरू आहेत. ती रात्री वहीत लिहीत बसते. घरचे म्हणतात, लिहून लिहूनच इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फला वेड लागलं. खरं का? (एक काका, अमळनेर)

उत्तर : नाही, भाऊ. वुल्फची आई गेली तेव्हा, 1895 मध्ये, ती 13 वर्षांची होती. पहिला झटका त्यानंतरचा. पुस्तकं फार पुढची. डॉक्टर सांगत : दूध, झोप, लिहिणं-वाचणं बंद. त्या बंदीचा तिला संताप यायचा, आणि माझ्या मते रास्तच होता.

मला मात्र तिचं 1917 साल आवडतं. नवरा लेनर्डने हाताने चालवायचं छपाईयंत्र आणलं, जेवणाच्या खोलीत मांडलं. मन गुंतावं म्हणून. लेनर्डचे हात थरथरत, म्हणून खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, तीच जुळवायची. मी धुळ्याच्या छापखान्यात 11 वर्षं खिळे जुळवले, उलटी अक्षरं वाचत. डोक्यातला गलका तेवढ्यापुरता बसतो, हे मला ठाऊक आहे. (अंगठ्याची शाई रविवारीही जात नसे, ते वेगळं.)

आजार मात्र परतत राहिला. 1941 मध्ये तिने जीव दिला. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती, पुतणीला आहेत. गोळ्या चुकवू देऊ नका. जागरणाचं डॉक्टरांना सांगा, वही दिवसा लिहू द्या. वाचायला मागू नका. शेजारी बसून एवढंच विचारा, ‘काय लिखी ऱ्हायनी व माय?’