सोनोग्राफी नॉर्मल असताना किडनीच्या इन्फेक्शनसाठी सीटी कशाला? एमआरआय चालणार नाही का?

तुमच्या आईंना मधुमेह आहे, तीन दिवस शिरेतून अँटिबायोटिक देऊनही ताप उतरत नाही आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं असल्याने सीटीची भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी रेडिऑलॉजिस्ट आहे. त्यांच्या डॉक्टरांच्या जागी मीही सीटीच सांगितला असता. (उगाच केलेले सीटी माझ्या टेबलावर रोज येतात, हा त्यातला नाही.)

साध्या इन्फेक्शनला स्कॅन लागतच नाही. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) एवढ्यावर उपचार होतात. अशा वेळी सोनोग्राफी बऱ्याचदा नॉर्मलच येते, म्हणून तिच्यावर निर्धास्त राहू नका. ७२ तासांत ताप हटला नाही, त्यातून मधुमेह, की शोधायचं असतं ते वेगळंच: आत पू साठलाय का, खड्याने लघवीची नळी अडलीय का, गॅस झालाय का? यातलं काही निघालं तर नुसत्या औषधांवर भागत नाही. पू नळी टाकून काढावा लागतो, अडलेली वाट स्टेंट घालून मोकळी करावी लागते.

यात मला धास्ती गॅसची. ई. कोलायसारखे जंतू साखर आंबवून किडनीतच वायू तयार करतात. हा प्रकार बहुतेक मधुमेहींनाच होतो आणि जिवावर बेतू शकतो. सोनोग्राफीत तो आतड्यातला गॅस समजून सुटू शकतो. सीटीत काळाकुट्ट दिसतो.

खडा आणि गॅस पाहायला कॉन्ट्रास्टही (चित्र उजळावं म्हणून शिरेतून देतात ते औषध; किडनीला धोका म्हणून भीती असते ती त्याचीच) लागत नाही. तो लागतो सूज आणि पू वेगळे ओळखायला: इंजेक्शननंतर साधारण दीड मिनिटाने निरोगी भाग उजळतो, सुजलेला पाचरीच्या आकारात कमी उजळतो, आणि गळूची फक्त कड उजळते. क्रिएटिनिनच्या आकड्याऐवजी ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज) विचारा. तो ३०च्या वर आणि स्थिर असेल तर कॉन्ट्रास्टचा धोका कमी मानतात. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर आधीच सांगा.

एमआरआय वाईट नाही. त्याच्या डिफ्युजन (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणाऱ्या) चित्रांत इंजेक्शनशिवायही सूज आणि पू दिसतात, गरोदर बाईला मी तोच सुचवेन. पण खडा आणि गॅस त्यात नीट कळत नाहीत, शिवाय तापाने फणफणलेल्या माणसाला इतका वेळ श्वास रोखत निश्चल पडून राहणं कठीण.

तेव्हा स्कॅन पुढे ढकलू नका. आधी बिनकॉन्ट्रास्टचा सीटी करून मग पुढचं ठरवता येईल का, एवढं तिथल्या रेडिऑलॉजिस्टला विचारा.