फीची सोय होते, टॅक्सीचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाच्याला सिव्हिअर हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) आहे, बारावी झाली, राहायला डोंबिवली आणि मुंबईत इंजिनीअरिंगला प्रवेश मिळतोय. अशा मुलांसाठी कुणाच्या तरी स्मरणार्थ शिष्यवृत्त्या असतात असं ऐकलंत, पण शोधल्यावर सगळ्या अमेरिकेतल्याच दिसतात. आपल्याकडे काही आहे का, आणि अर्जात आजाराबद्दल किती लिहायचं?

मीही सिव्हिअर ए. वय ४१, उजवा गुडघा सरळ होत नाही, डावा कोपर पूर्ण वाकत नाही, बाकी मजेत. कॉलेजात असताना अशीच एक शिष्यवृत्ती मला मिळाली होती, आणि आता गेली काही वर्षं दर पावसाळ्याच्या तोंडावर अशा अर्जांची एक चळत माझ्याकडे वाचायला येते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

आधी त्या अमेरिकेतल्या याद्यांचं. एरिक डॉस्टी, बेथ कॅर्यू अशा नावांच्या शिष्यवृत्त्या तुम्हाला दिसल्या असतील. त्या खऱ्या आहेत, पण तिथल्या कॉलेजांत शिकणाऱ्यांसाठी. पुष्कळ ठिकाणी नागरिकत्वाचीही अट असते. भाचा उद्या एमएसला गेला तर पुन्हा उघडून बघा, आज त्यावर वेळ घालवू नका. तिकडे स्मरणार्थ शिष्यवृत्त्या इतक्या का, हे मात्र माहीत असावं. फॅक्टर आठ, म्हणजे रक्त गोठवणारं जे प्रथिन आमच्यात कमी असतं ते, तेव्हा हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवत, आणि त्यातून १९८० च्या आसपास एचआयव्ही पसरला. अमेरिकेतल्या हिमोफिलियाच्या जवळपास निम्म्या रुग्णांना तो झाला. इंडियानातला रायन व्हाइट हा त्यातलाच. शाळेने त्याला वर्गात घ्यायला नकार दिला म्हणून त्याचं नाव जगभर झालं. एप्रिल १९९० मध्ये तो गेला तेव्हा १८ वर्षांचा होता, शाळा संपायला महिना राहिला होता. कॉलेजच्या वयाची अख्खी पिढी अशी गेली, मग मागे राहिलेल्यांनी कॉलेजचीच फी भरायला घेतली.

आपल्याकडे फॅक्टरची बाटली तेव्हा फार थोड्यांच्या घरात पोचत होती. प्लाझ्मा, क्रायो (प्लाझ्मा गोठवून काढलेला साका), नाहीतर नुसता बर्फ. आपली मुलं गेली ती डोक्यातल्या रक्तस्रावाने, नाहीतर दात काढल्यावर न थांबलेल्या रक्ताने. माझा सख्खा मामा असाच नऊ वर्षांचा असताना गेला. (आजार बहुतेक वेळा आईकडून येतो, त्यामुळे मामा-भाचे दोघंही पेशंट असणं आमच्यात नवलाचं नाही. तुम्ही स्वतः तपासून घेतलं असेलच.)

तर आपल्याकडे आहेत का? आहेत, पण लहान आणि मुक्या. कुणी गेलेल्या मुलाच्या नावाने बँकेत ठेव ठेवून व्याजातून दोन मुलांना देतं, कुणी एखाद्या ट्रस्टच्या हातात रक्कम देऊन ठेवतं. जाहिरात करत नाहीत, कारण नाव बाहेर पडलं की ज्यांचा रक्ताच्या आजाराशी काही संबंध नाही असे चारशे फॉर्म येऊन पडतात. मी ज्या फंडाचे अर्ज वाचतो त्याचं नावही म्हणूनच इथे लिहीत नाही. शिष्यवृत्ती म्हटलं की मुंबईच्या मराठी माणसाला जगन्नाथ शंकरशेट आठवते, १९१२ च्या मॅट्रिकला चिंतामणराव देशमुखांना मिळालेली, संस्कृतातल्या मार्कांवर. इथे मार्कांचा हिशेब तसा नसतो. नापास नको, एवढंच बघतात.

मला मिळाली ती २००३ साली. परळच्या केईएम हॉस्पिटलच्या ओपीडीतल्या सोशल वर्कर बाईंनी केसपेपरच्या मागे गिरगावातला एक पत्ता लिहून दिला. चाळ, दुसरा मजला, लाकडी जिना. गुडघा त्याच आठवड्यात भरून (आत रक्त साठून) नुकता उतरला होता, त्यामुळे कठड्याला धरून एकेक पायरी. ज्यांच्या गेलेल्या मुलाच्या नावाने ती शिष्यवृत्ती होती त्या काकू वर दारात उभ्या राहून बघत होत्या. हात द्यायला पुढे आल्या नाहीत. मी वर पोचल्यावर म्हणाल्या, "डावा आधी टाकतोस, म्हणजे उजवा गेलाय." असं ओळखणारी बाई ओपीडीबाहेर मला पहिल्यांदाच भेटत होती.

मी फीची पावती पुढे केली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही.

"फी भरली जाईल रे कुठूनतरी. टॅक्सीला किती जातात?"

मला सांगता येईना. कुणी विचारलंच नव्हतं कधी. डोंबिवली ते दादर फास्ट, मग माटुंग्यापर्यंत एरवी स्लो लोकल, पण पाय धरलेला असला की दादरला पूल चढणं नको म्हणून टॅक्सी, ब्लीड झालं की दादर ते परळ टॅक्सी, येताना पुन्हा. घरी सांगायची लाज वाटायची म्हणून डब्याच्या पैशातून जायचे. काकूंनी आत जाऊन एक शंभर पानी वही आणून दिली आणि म्हणाल्या, तारीख, कुठला सांधा, कुठून कुठे, किती रुपये, एवढं लिहायचं. वर्षाने आण, दर महिन्याला जिना चढू नकोस. वर्षाला ६,००० रुपये, दोन चेकमध्ये. तीन वर्षं घेतले. मुलाबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. चर्नी रोड स्टेशन ते घर एवढ्याशा अंतराला तो टॅक्सी करायचा आणि त्यावरून मी त्याला फार बोलायचे, एवढं एकदाच म्हणाल्या.

ती वही माझ्याकडे अजून आहे. '१२ ऑगस्ट, उ. गुडघा, दादर–कॉलेज, २२ रु.' अशा ओळी, पानंच्या पानं. तिचा खरा उपयोग पुढे झाला. दुसऱ्या वर्षी हजेरी ७५ टक्क्यांच्या खूप खाली गेली, आणि कॉलेजच्या ऑफिसात एकाने तोंडावर सांगितलं, चालत तर आलास, आजारी कुठे दिसतोस? वहीतल्या तारखा आणि केईएमचे केसपेपर शेजारी शेजारी ठेवले, तारखा जुळल्या, प्रिन्सिपॉलनी सही केली.

मला म्हणायचंय ते एवढंच की, फीसाठी दारं पुष्कळ आहेत. कॉलेजपर्यंत पोचण्याचा खर्च मात्र सरकारी रकान्यात सहसा बसत नाही, आणि तो समजतो फक्त ज्यांच्या घरात असं मूल होऊन गेलं त्यांना. म्हणून या दोन्हींची गल्लत करू नका. फी मागायची तिथे फी मागा, स्मरणार्थ फंडाकडे टॅक्सी मागा.

फीचा मार्ग पटकन सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे. भाच्याचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर बाकी सगळं सोडून आधी ते. कार्डावर ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के राखीव जागा लागू होतात, आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती भरता येते. तिला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरही दिव्यांगांसाठी आहे, पण दोन सरकारी शिष्यवृत्त्या एका वेळी चालत नाहीत, तेव्हा रक्कम बघून एक निवडा. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. मुलं तो घ्यायला लाजतात. मनगट किंवा कोपर भरलेला असताना तीन तास लिहून बघितलेला माणूस लाजत नाही.

रेल्वेची हिमोफिलियासाठी सवलत आहे, पण उपचाराच्या प्रवासाला. कॉलेजच्या पासला नाही. दिव्यांगांच्या डब्यात चढलात तर कार्ड वरच्या खिशात ठेवायला सांगा. आमचं काही दिसत नाही ना, मग लोक उतरवायला बघतात.

आता स्मरणार्थ फंड शोधायचे कसे. इंटरनेटवर नाही. हिमोफिलिया फेडरेशन इंडियाच्या मुंबई शाखेत भाच्याचं नाव नोंदलेलं असेलच (नसेल तर कमालच आहे), तिथे विचारा. ही फेडरेशन १९८३ साली अशोक वर्मा या स्वतः हिमोफिलिया असलेल्या माणसाने सुरू केली, त्यामुळे तिथे पहिल्यापासून सगळं समजावत बसावं लागत नाही. दुसरं, जिथे फॅक्टर घेता तिथली सोशल वर्कर. कुठल्या ट्रस्टचा कारकून कुठल्या वारी भेटतो इथपर्यंत तिला माहीत असतं. तिसरं, जुने पेशंट. डे केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर सुई लावून बसलेल्या तिशीतल्या माणसाला विचारा, तू कॉलेज कसं केलंस म्हणून. माझ्या माहितीतली निम्मी मुलं अशीच पोचली.

अर्जात किती लिहायचं? आजाराची व्याख्या नको. 'रक्त न गोठणाऱ्या दुर्धर व्याधीने मला जन्मापासून ग्रासले आहे' अशी सुरुवात असलेले अर्ज मी इतके वाचलेत की पुढचं पान न उलटता सांगू शकतो. वाचणाऱ्याच्या घरात हा आजार तुमच्या भाच्याच्या जन्माआधीपासून आहे. गेल्या वर्षी एका मुलाने लिहिलं होतं: 'मागच्या सेमिस्टरला १९ दिवस गैरहजर, त्यातले ११ डाव्या घोट्यामुळे. गाडीत उभा राहू शकतो, चढता येत नाही. कॉलेजजवळ कॉट बेसिसवर जागा मिळाली तर यातले बरेच दिवस वाचतील, भाडं अमुक.' अर्धं पान. त्याचं पाच मिनिटांत ठरलं.

सोबत डॉक्टरांचं पत्र लागतं. 'सदर रुग्ण माझ्या उपचाराखाली आहे' ही एक ओळ कामाची नाही. फॅक्टरची पातळी (सिव्हिअर म्हणजे १ टक्क्याहून कमी), इन्हिबिटर (फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडं) आहे की नाही, कुठला सांधा वारंवार भरतो आणि गेल्या वर्षात किती ब्लीड झाले, हे चार मुद्दे त्यात मागून घ्या. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना आठवणार नाही, म्हणून कागदावर लिहून न्या.

भाचा एमिसिझुमॅबवर (ब्लीड टाळणारं नवं औषध) असेल आणि ब्लीड जवळजवळ थांबले असतील तर तेही सरळ लिहा. आता त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन आलंय आणि आमच्यासारखे वाकडे गुडघे नव्या मुलांत कमी दिसतात. बघून बरं वाटतं, थोडा हेवाही वाटतो. बरा दिसतो म्हणून फंड नाकारत नाहीत. लपवलेलं कळलं तर मात्र नाकारतात.

इंजिनीअरिंगचं म्हणून एक वेगळं. पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं, त्यात फिटिंगचा जॉब. लोखंडाच्या तुकड्याला तासन्‌तास कानस मारायची. माझा डावा कोपर तिथेच कायमचा बिघडला, कारण मी कुणाला काही बोललो नाही. कॉलेजला पहिल्याच आठवड्यात लेखी द्या: वर्कशॉपमध्ये बदली काम, ॲस्पिरिन नको, दंडावर कुणी इंजेक्शन ठोकू नये, आणि कुणाला फोन करायचा त्याचा नंबर.

हे उत्तर एखाद्या मुलीची आई वाचत असेल तर तिच्यासाठी: कायद्याच्या यादीत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल ही तीनच नावं आहेत. फॉन विलेब्रांड, हाही रक्त नीट न गोठण्याचाच आजार आणि तो मुलींनाही होतो, हे नाव नाही. पाळीच्या दिवसांत आठवडा आठवडा घरी राहणाऱ्या, हिमोग्लोबिन सहावर आलेल्या मुली कार्डाच्या रांगेतून रिकाम्या हाताने परततात. आमच्याकडे अशा मुलींचे अर्ज येतात तितके घेतो, पण येतातच कमी. लिहायला संकोच वाटतो, आणि घरच्यांना बाहेर कळू द्यायचं नसतं. 'पाळीमुळे इतके दिवस बुडाले' एवढं वाक्य पुरतं, त्यापुढे कुणी खोदून विचारत नाही.

आणि शेवटचं. फंडाला फोन भाच्याला करू द्या, तुम्ही करू नका. मामांचे फोन आम्हाला पुष्कळ येतात, आणि पहिला प्रश्न आम्ही एकच विचारतो: मुलगा कुठाय?