आर्द्रता २६ टक्के, पण कशाच्या?

सोलापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. मे महिन्यात पेपरात शहराची आर्द्रता सकाळी ४५ टक्के आणि संध्याकाळी २६ टक्के अशी छापून येते. मग दिवसभरात हवेतलं जवळपास निम्मं पाणी जातं कुठे? ‘आर्द्रता’ हा शब्दच चुकतोय का? त्याऐवजी साधं ‘ओलावा’ लिहिलं तर चालेल का?

पाणी कुठेही जात नाही. छापताना एक शब्द गळतो, तो म्हणजे ‘सापेक्ष’. पूर्ण संज्ञा ‘सापेक्ष आर्द्रता’ अशी आहे आणि तिचं सगळं मर्म त्या गळालेल्या शब्दात आहे.

‘सापेक्ष’ पुस्तकी वाटतो खरा, पण त्याचा सख्खा नातलग आपल्या तोंडात सतत असतो. ‘कालच्यापेक्षा आज ऊन जास्त’ या वाक्यातला ‘पेक्षा’ संस्कृत ‘अपेक्षा’तूनच मराठीत आला, आणि ‘सापेक्ष’ म्हणजेही ‘अपेक्षेसह’, दुसऱ्या कशाच्या तरी तुलनेत. इथे तुलना असते ती त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते तिच्याशी. ही कमाल मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. एक घनमीटर हवेत २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ४० अंशांना तब्बल ५१ ग्रॅम.

आता तुमचे आकडे यात बसवून पाहा. समजा, सकाळी तापमान ३० अंश आहे आणि घनमीटरभर हवेत साडेतेरा ग्रॅम वाफ आहे. तीसातले साडेतेरा म्हणजे ४५ टक्के. संध्याकाळी तापमान ४० अंश, वाफ तेवढीच. एक्कावन्नातले साडेतेरा म्हणजे २६ टक्के. वाफ होती तेवढीच राहिली, वाढली ती मर्यादा. हवामान खात्याच्या वेधशाळांतली आर्द्रतेची रोजची नोंद सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचची असते, म्हणून पेपरात हे दोन आकडे शेजारीशेजारी येतात आणि गोंधळ होतो.

आणखी एक गैरसमज यातूनच होतो. ‘आर्द्रता १०० टक्के’ वाचून हवेत नुसतं पाणीच भरलं आहे असं वाटतं. प्रत्यक्षात २५ अंशांना १०० टक्के म्हणजे सव्वा किलोच्या आसपास वजनाच्या घनमीटरभर हवेत फक्त २३ ग्रॅम वाफ.

शाळेच्या भूगोलात या मर्यादेला ‘बाष्पधारणक्षमता’ म्हणतात. शब्द रुळला आहे, पण त्यातल्या ‘धारण’मुळे हवा वाफेला धरून ठेवते असं चित्र उभं राहतं, आणि ते मला खटकतं. पाण्याची किती वाफ टिकेल हे तापमान ठरवतं. हवा काढून टाकलेल्या बंद भांड्यातही ती मर्यादा जवळपास तीच असते. ‘संपृक्त’, म्हणजे वाफेची ही मर्यादा गाठलेली, हा शब्द या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे.

मग सापेक्ष आर्द्रतेऐवजी सरळ ग्रॅमच का छापू नयेत? कारण पुष्कळ वस्तूंना ग्रॅम कळत नाहीत, टक्केच कळतात. सुती धागा हवेतून किती पाणी शोषून घेईल हे मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेवर ठरतं. म्हणूनच चादरी-टॉवेलच्या यंत्रमागांवर उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की उभे धागे तटातट तुटतात आणि मोठ्या शेडमध्ये तुषार सोडावे लागतात. आपली कडक भाकरी मे महिन्यात डब्याबाहेर राहिली तरी कुरकुरीत राहते आणि पावसाळ्यात सादळते, तेही त्यामुळेच. (‘सादळणे’ हे क्रियापद किती नेमकं आहे! कोरडी वस्तू हवेतली वाफ पिऊन मऊ पडते, ही सगळी प्रक्रिया त्या एका शब्दात आहे.) माणसाचा केसही असाच सादळून लांबतो, त्याच गुणावर स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७८३ च्या सुमारास केसाचा आर्द्रतामापक बनवला.

वेधशाळेची जुनी पद्धत मात्र वेगळी. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत दोन तापमापक असतात, त्यांतल्या एकाच्या फुग्यावर ओलं मलमल. मलमलीतलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं आणि तो पारा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी, तितका दोन पाऱ्यांतला फरक मोठा. आपल्याकडे कूलर आणि माठ छान चालतात ते याच कारणाने, आणि मुंबईत कूलर निकामी ठरतो तोही याच कारणाने.

हवेत खरोखर वाफ किती, हे सांगायचं असेल तर माझ्या मते ‘दवबिंदू’ हा आकडा पेपरांनी रोज छापावा. हवा थंड करत नेली तर ज्या तापमानाला दव धरू लागेल, तो दवबिंदू. यातला ‘बिंदू’ थेंबाचा नव्हे. गोठणबिंदू, उत्कलनबिंदू यांतल्यासारखा मापपट्टीवरचा. वरच्या उदाहरणात सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तो १६-१७ अंशच येतो, कारण वाफ तेवढीच आहे. ३३ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या मुंबईत तो २५ च्या वर जातो. पारा सोलापुरापेक्षा खाली असूनही तिथे घाम का वाळत नाही, हे या एका आकड्यात दिसतं.

राहिला ‘ओलावा’. हवेसाठी तो वापरू नये असं माझं मत आहे. ओल आणि ओलावा हे शब्द द्रवरूप पाण्याचे: भिंतीला ओल येते, कपड्यात ओलावा राहतो, मंगळवेढ्याची ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर पोसते. वाफ असलेली हवा ओली नसते. हवेला बोलीतलं विशेषण हवंच असेल तर ‘दमट’ आहे, पण ते मापाचं नाव नाही, अनुभवाचं आहे. २६ टक्क्यांच्या सोलापूरला ‘कमी दमट’ म्हटलं तर कुणालाच पटणार नाही. तिथे ‘कोरडं’च म्हणावं. मापासाठी ‘आर्द्रता’ बरोबरच आहे, फक्त रकान्याच्या डोक्यावर ‘सापेक्ष आर्द्रता (टक्के)’ असं पूर्ण छापावं.