स्पायडर-मॅनचा टी-शर्ट छापायचा तर परवानगी कोणाची?

तुम्ही विचारलंय: 'कळंगुटला टी-शर्टचं दुकान टाकतोय. स्पायडर-मॅनचे सिनेमे सोनी काढते, तर त्याचं चित्र छापायला परवानगी सोनीकडेच मागायची का?'

नाही. सिनेमा सोनीचा असला तरी टी-शर्टाचा हक्क स्पायडर-मॅनची कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हलचा, म्हणजे आता डिस्नेचा. मी फोंड्याला स्क्रीन प्रिंटिंग करतो. अशा ऑर्डरी घेऊन महिन्यातून एकदोघे तरी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पात्राचे हक्क कुळागरासारखे, म्हणजे आपल्याकडच्या माड-सुपारीच्या बागेसारखे असतात. मालक एक, पण माड एकाला खंडाने दिले आणि सुपारी दुसऱ्याला, असं होऊ शकतं. मार्व्हलने १९९६ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्या दशकात पैशांची इतकी ओढाताण होती की एकेका पात्राचे चित्रपटहक्क वेगवेगळ्या स्टुडिओंना गेले. एक्स-मेन फॉक्सकडे, १९९९ मध्ये स्पायडर-मॅन सोनीकडे. खेळणी-कपड्यांच्या उत्पन्नात सोनीचा वाटा होता, तो २०११ मध्ये डिस्नेने विकत घेतला. तेव्हापासून सिनेमा एकीकडे आणि माल दुसरीकडे.

चित्रपटहक्कही कायमचे मिळत नाहीत. ठरलेल्या मुदतीत सिनेमा काढला नाही तर ते मूळ मालकाकडे परत जातात. हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून मार्व्हलच्याच 'फँटास्टिक फोर'चा एक सिनेमा घाईघाईने, अगदी स्वस्तात काढला गेला. १९९४ मध्ये तो तयार होता, पण थिएटरात कधी लागलाच नाही. त्यात राबलेल्या कलाकारांचं मला मनापासून वाईट वाटतं.

मालाच्या परवान्यात वस्तू कोणती, प्रदेश कुठला आणि मुदत किती, हे लिहिलेलं असतं. टी-शर्टाच्या परवान्यावर कॉफीचे मग छापता येत नाहीत. विक्रीवर रॉयल्टी द्यावी लागते, शिवाय विक्री होवो न होवो, ठरलेली किमान रक्कम भरावीच लागते. नमुना मंजूर झाल्याशिवाय माल बाजारात नेता येत नाही. एका दुकानाला हे परवडणार नाही. त्यापेक्षा परवानाधारक कंपनीचे तयार टी-शर्ट बिलासह घाऊक घ्या आणि विका. त्याला वेगळा परवाना लागत नाही.

नेटवरून चित्र उतरवून छापू नका, कोणी कितीही सांगो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आपल्या गोव्याचीच, म्हणून ती मोकळी आहेत असंही समजू नका. ते २०११ मध्ये गेले. त्यापुढची साठ वर्षं धरली तर २०७१ संपेपर्यंत कॉपीराइट आहे.

माझं मत विचाराल तर स्वतःचं पात्र काढून घ्या, पण चित्रकाराशी कागद नीट करा. मी एकदा माडावर चढणारा रेंदेर, म्हणजे माडाची ताडी काढणारा, चितारला होता. एका व्यापाऱ्याने दोन ओळींच्या कागदावर सही घेतली आणि तो फ्रिज मॅग्नेटवर, पिशव्यांवर, सगळीकडे छापला. मला एकदाच पैसे मिळाले. नशिबाने कागदावर मुदत लिहिलेली नव्हती. अशा वेळी कायदा पाचच वर्षं धरतो, म्हणून तो रेंदेर आज पुन्हा माझा आहे.